टाकीआड जाणारा शनी

मित्रांनो, मी एक जुनी, छोटी दुर्बीण आहे. तळहातात मावेल एवढं भिंग, कुरकुरणारे तीन पाय आणि नको त्या बाता मारणारं एक खोकं, एवढीच माझी इस्टेट. खोक्यावर शनीचं ताटाएवढं रंगीत चित्र होतं. ते पाहून बाबांनी मला घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी सगळ्या शेजाऱ्यांना गच्चीवर बोलावलं. शनी मोठा दिसावा म्हणून त्यांनी माझी सर्वांत जास्त ताकदीची नेत्रिका लावली. नेत्रिका म्हणजे डोळा लावायची छोटी नळी. मग काय, माझ्या छोट्या भिंगाला ती ताकद झेपेना; दिसला थरथरणारा धुरकट डाग!

"वा, शास्त्रज्ञ!" शेजारचे काका म्हणाले. "डाग मात्र झकास हं!"

सगळे खो खो हसले. ते हसू बाबांच्या जिव्हारी लागलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

पुढे कित्येक वर्षांनी घर बदलायचं ठरलं. आवराआवरीत मी बाबांच्या लेकीच्या हाती लागले. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात.

"ती भंगारात टाक," बाबा म्हणाले. "सकाळी भंगारवाला येतोय."

"बाबा, एकदा बघू तरी द्या ना!"

"बरं. आज शनीची कडी दिसली तर ठेव. नाही दिसली तर हट्ट करायचा नाही."

दिवस मावळला. गच्चीवर माझा जीव टांगणीला लागला होता. शनी समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे उतरत होता. आणि भिंगरी बापाचीच लेक! तिनेही तीच ताकदवान नेत्रिका लावली. शनी सापडेना. सापडला की माझे पाय डगमगत आणि तो निसटून जाई. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, ती नळी काढ! पण दुर्बिणीला तोंड कुठे असतं?

"राहू दे आता," बाबा म्हणाले. "चल खाली."

"थांबा ना! नुसता शोधायला ही दुसरी लावते."

तिने कमी ताकदीची नेत्रिका लावली. एव्हाना शनी टाकीला टेकायला आला होता. ती श्वास रोखून वाकली आणि एकदम किंचाळली, "बाबा, लवकर या! हिला धक्का लावू नका!"

बाबा वाकले. त्यांनी नेत्रिकेला डोळा लावला.

"एवढासाच?"

संपलं, मला वाटलं. पण त्यांनी डोळा काढला नाही.

"कडी आहे गं," ते हळूच म्हणाले. "मोहरीएवढी, पण आहे. म्हणजे तेव्हाही होती."

तेवढ्यात शनी टाकीआड गेला. बाबा तरी तसेच वाकून उभे होते.

आता मी नव्या घराच्या खिडकीत असते. गुरूचे चार चंद्र ठिपक्यांसारखे दाखवते, शुक्राची कोर दाखवते. मंगळ म्हणजे नुसता नारिंगी ठिपका, हे बाबा पाहुण्यांना आधीच सांगून टाकतात. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या माळ्यावर असेल तर तिला खाली काढा, भिंगावरची धूळ हलक्या हाताने झटका आणि थोडा धीर धरा. आम्ही थोडंच दाखवतो, पण खरं दाखवतो.

आणि हो, भंगारवाला सकाळी आला होता. बाबांनी त्याला खोकं दिलं.