कागदावर हयात

"काल सांगितलं होतं ना, डोकं भादरू नका म्हणून?" कोर्टाच्या व्हरांड्यात आमोद वकील दबक्या आवाजात खेकसले.

"दहावा होता काल," रघुवीर म्हणाला. "मूलबाळ नाही आम्हाला. मी नाही तर कोण?"

वकिलांनी पट्टेवाल्याकडून टोपी मागून आणली. "ही घाला. साहेबांनी विचारलं तर वहिनी आजारी आहेत, एवढंच बोला. तीन वर्षांची शिक्षा सहा महिन्यांवर आणायची असेल तर अर्जात तेवढा एकच मुद्दा आहे."

रघुवीरने टोपी घातली. डोक्याला गार लागत होतं ते थांबलं.

बाकाच्या टोकाला उमरठचा येसाजी बसला होता. तो दर तारखेला यायचा. पोलादपूरच्या पतसंस्थेत रघुवीर कारकून असताना वाडीवरच्या मेलेल्या माणसांची खाती त्याने चालू ठेवली. अध्यक्षांच्या सांगण्यावरून एका ठेकेदाराचा काळा पैसा त्यातून फिरायचा, आणि 'खातेदार समक्ष हजर' असं लिहून रघुवीर खाली सही करायचा. अध्यक्ष सुटले. सह्या रघुवीरच्या होत्या.

"काय भाऊसाहेब, टोपी?" येसाजी हसला. "आमचा रामजी दरडीखाली गेला. त्याला तुमी चार वर्सं जिता ठेवलात. माज्या भावाला मी ठेवू शकलो नाय, तुमी ठेवलात!"

पुकारा झाला.

न्यायाधीशांनी कागद उलटले. सरकारी वकील खिडकीबाहेर पाहत होते. पंखा कुरकुरत होता.

"पत्नी अंथरुणाला खिळली आहे, पाहणारं दुसरं कोणी नाही, असं लिहिलंय. मग आज त्यांच्याजवळ कोण आहे?"

आमोद वकील उठले. "साहेब, शेजारी..."

"मी यांना विचारतोय."

रघुवीरला वाटलं, आता फक्त 'शेजारी आहेत' म्हणायचं. तीन शब्दही नव्हते. असे शब्द त्याने चार वर्षं लिहिले होते. अनुपमाची खाट परवाच त्याने धुऊन भिंतीला उभी केली होती.

त्याने टोपी काढली.

"कोणी नाही, साहेब. ती गेली. आज अकरावा दिवस."

वकील खाली बसले. न्यायाधीशांनी अर्जातल्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली. जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. अपील फेटाळलं. शिक्षा तीन वर्षं, तशीच.

पोलिसाने दंड धरला. दारात येसाजी उभा होता. या खेपेला तो हसला नाही.

"तेरावा परवा ना? पान कोन ठेवील?"

रघुवीरने नकारार्थी मान हलवली.

"मी ठेवतो. रामजीचं ठेवतो, त्याच्याच बाजूला. बाईंचं नाव काय?"

"अनुपमा."

येसाजीला लिहिता येत नव्हतं. गाडी निघेपर्यंत तो तेच नाव पुटपुटत राहिला.