ढोलाला पाजलेलं पाणी

जिभेवर निखारा ठेवून सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय! खोटा निघाला तर मव्हे राहिलेसाहिले दात आत्ता ह्या पदरात गळून पडू द्या. मागं सांगितलं व्हतं ना, आमच्या आज्यानं वाघ कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडला म्हणून, ते सोडा. हे तसलं नाय.

जायकवाडीचा तळ उघडा पडला, त्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं. टँकर यायचा अन् गावच्या इहिरीत पाणी सोडून जायचा. पण आमच्या वस्तीच्या बाईनं इहिरीत पोहरा टाकायचा नाय, अशी रीत. खालच्या पायरीला घागर ठेवायची अन् हात जोडून उभं राहायचं. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर वरूनच वतायची.

माझी शेजारीण भामाबाई. तिचा ल्योक बुद्धभूषण वाळूजच्या कंपनीत कामाला. बजाजनगरला एका खोलीत दाटीवाटीनं राहायचा, म्हणून बायको रत्नमाला इथं सासूपाशी. तिला सातवा महिना. त्या दिवशी ऊन डोक्यावर येस्तोवर ती इहिरीपाशी उभी राहिली अन् तिथंच पडली. वर तात्यासाहेब व्हते, देवळाच्या कमिटीचे मोठे. ते वरडले, "आधी तिची घागर बाजूला घ्या, पायरी बाटंल!" तोंडावर चूळभर पाणी कुणी मारलं नाय. लेकरू पोटातच गेलं.

भामाबाई रडली नाय. तव्हाच मला तिचं भ्या वाटलं.

मग जत्रा जवळ आली. देवळातले दोन जुने ढोल उंदरांनी कुरतडलेले. अन् गावाची रीत अशी, की ढोल वाजल्याबिगर देवाची पालखी उंबरा वलांडत नाय. ढोल मढवायचं काम पिढ्यान् पिढ्या भामाबाईच्या सासरचं. पण धम्म घेतल्यापासून आमच्या माणसांनी कातड्याचं काम, गावापुढं वाजवणं, समदं टाकून दिलतं.

तात्यासाहेब आले अन् लिंबाखाली लांबच उभे राहिले.

"सांडू, ढोल मढवायचेत."

भामाबाईचा नवरा सांडू उठला बी नाय. "ते काम आम्ही टाकलंय, तात्या."

"मी मढविते," आतून भामाबाई बोलली. सांडूची बिडीच गळून पडली. "पण कातडं मी निवडणार. दुकान बी मीच ठरविणार."

"निवड की बाई," तात्या हसले. "कातड्यातलं आम्हाला काय कळतंय? तुमचाच धंदा तो."

ते गेल्यावर मी तणतणले, "लाज हाय का तुला? त्या मेल्याचे ढोल मढविती?"

"तू निस्ती चल शहरात," म्हणली.

गुलमंडीच्या बाजूला वाजंत्र्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं ढोलावर चढवायचं पांढरं झक्क पान पुढं टाकलं. "अम्मा, फायबर लेव. धो डालो, भिगा डालो, आवाज वैसाच्च."

"पाण्यानं कायच व्हत नाय?"

"कुछ बी नै!"

"मग नगं," म्हणून ही पायरी उतरली. त्यो बिचारा तोंड वासून बघत राहिला.

तिथून सिल्लेखान्यात कातडीवाल्या गफूरचाचाकडं. म्हशीचं जाडजूड कातडं हिनं बाजूला सारलं. बोकडाचं बी सारलं. शेवटी कवळ्या बकरीचं उचललं, उन्हापुढं धरलं तर पलीकडून बोटं दिसावी इतकं पातळ.

"भाभी, बजेगा तो खूब," गफूरचाचा म्हणला, "मगर पानी से बचाना. भीगा के गूंगा हुआ."

"हेच द्या."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कामून गं हेच?"

"आपला हात लागलेली चीज देवळात कशी घेत्यात, इसरलीस का?"

मी थबकले. मग जी हसत सुटले ती फुलंब्री येईपत्तुर. कंडक्टरला वाटलं म्हातारीला फिट आली!

भामाबाईनं ढोल असे मढवले, की टिचकी मारली तर शिवारातले मोर वरडायचे. देवळापाशी नेऊन ठेवले अन् चारचौघांत तात्याला बजावलं, "ह्याच्यावर पाणी पडू देऊ नगा. वल्ला झाला का मुका व्हतोय."

"देवळाची रीत तू शिकविती का आम्हाला?" तात्या खेकसले. "हो मागं!"

जत्रा भरली. शहरातले जिमिनी घेणारे पांढऱ्या कपड्यातले मोठे लोक आले. अन् ढोल शुद्ध करायला तात्यांनी देवळाम्होरच्याच इहिरीतून घागरी वढून घेतल्या. एक घागर वतली, दुसरी वतली. पाणी ढोलावरून घरंगळत त्याच पायरीपत्तुर गेलं जिथं रत्नमाला पडली व्हती. ती माझ्या शेजारीच उभी. तिनं आपलंच मनगट असं आवळलं, की हातातली बांगडी पिचली.

पालखी उचलली. ढोलावर टिपरू पडलं.

थप.

पुन्हा मारलं. थप. वल्ल्या गोधडीवर धपाटा घालावा तसं. शहरातले पाव्हणे रुमालात हसायले. पालखीवाल्यांचे खांदे दुखायले, पण उंबरा वलांडायची टाप कुणाची?

तात्या वरडत आले, "काय करणी केली गं?"

"म्या?" भामाबाई म्हणली. "म्या तर सांगितलं व्हतं. पाणी तुम्ही पाजलं. माणसाला घोट नाय अन् मेल्या बकरीच्या कातड्याला घागरी!"

"जाळावर शेकून वाजता कर. काय पाहिजे ते माग."

"इहिरीवर जावा. तुमच्या हातानं पोहरा वढा अन् खाली वाकून मव्ह्या सुनेची घागर भरा. त्याबिगर जाळ पेटणार नाय."

अन् काय सांगू! समद्या गावादेखत तात्यासाहेब इहिरीवर चढले, कंबरेत वाकले अन् रत्नमालेची घागर काठोकाठ भरली.

थांबा. दात हालायला लागला.

तेवढं एक मी बनवलं. तात्या वाकले नाय. मान ताठ ठेवून तसेच उभे राहिले. पालखी त्या साली उंबऱ्यातच राहिली, पण त्यो माणूस हालला नाय. मग रत्नमालाच आपल्या पायानं वर चढली, आपल्या हातानं पोहरा टाकला. तिच्या मागं आम्ही समद्या. कुणी अडवलं नाय. ढोलागत गाव बी मुकं झालतं. त्या दिवसापासून आम्ही कुणापुढं हात जोडून उभ्या राहिलो नाय.

पण तात्या वाकायलाच पाहिजे व्हता. त्यो वाकला नाय, म्हणून सांगताना दर बारीला मी त्याला वाकविते. अन् जित्ती हाय तवर वाकविणार.