काशीरामचे पाय

विठू गुरवाने दोन ओली फुलं देवीच्या पाषाणाला चिकटवली, एक उजव्या अंगाला, एक डाव्या, आणि हात मागे घेतला. देवळात जमलेली माणसं खोकायची थांबली.

"आई, ह्या धाकूनं गेल्या पावसात तुज्यापुढं शब्द टाकलान्," विठूने गाऱ्हाणं सुरू केलं. "लेकाचे पाय साबूत ठेव, लेक त्याच पायांनी होमाच्या निखाऱ्यावरून चालंल, असं बोललान्. तू तुजा शब्द राखलास. आता लेकाच्या जागी बापूस चालायला तयार हाय. चालत असंल तर उजवं दे, नसंल तर डावं."

"व्हय महाराजा," माणसं म्हणाली.

धाकू हात जोडून उभा होता. बावीस वर्षं आगबोटींवर खलाशी म्हणून काढलेला हा माणूस एरवी देवापुढे फार वेळ घालवत नसे. त्याच्या मागे खांबाला टेकून काशीराम उभा होता, आणि देवीकडे पाहायचं सोडून सगळी वाडी काशीरामच्या पायांकडे पाहत होती.

ते पाय तसे पाहण्यासारखे नव्हते. रुंद, काळे, बोटं फाकलेली. भाट्याच्या खाडीच्या चिखलात वाढलेल्या कोणाचेही असावेत असे. पण गेल्या गणपतीत स्कॉटलंडहून वर्तमानपत्राचं एक कात्रण आलं होतं. त्यात बूट घातलेले दहा गोरे आणि पायांना नुसत्या पट्ट्या गुंडाळलेला काशीराम असा फोटो होता. बंदरात बोट दुरुस्तीला लागली असताना खलाशी धक्क्यावर चेंडू खेळत होते, ते तिथल्या एका क्लबच्या माणसाने पाहिलं आणि काशीरामला पगारावर ठेवून घेतलं. सदू मास्तरांनी कात्रणाचा अर्थ सांगितला. गोऱ्या बातमीदाराने काशीरामच्या पायांवर दोन परिच्छेद लिहिले होते आणि त्याने मारलेल्या दोन गोलांवर अर्धी ओळ. मास्तरांनी ते शाळेच्या भिंतीला डकवलं आणि फुटबॉल या विषयावर तासभर व्याख्यान दिलं. फुटबॉल त्यांनी पाहिलेला नव्हता, त्यामुळे व्याख्यानात कुठे अडखळायला झालं नाही.

तेव्हापासून ते पाय वाडीचे झाले. शिमग्याला काशीराम घरी आला त्या दिवशी त्याला पडावातून उतरताना पाणी लागू नये म्हणून चार जणांनी उचलून किनाऱ्यावर ठेवलं. त्याची ट्रंक उचलायला आणखी दोघे लागले. तिकडे थंडीत मैदान गोठतं, म्हणून रजा आहे, चैत्रात निघायचं, असं त्याने सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. मैदान गोठलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

अडचण होती ती नवसाची. लेक बोट सोडून परक्या मुलखात चेंडू खेळायला राहिला हे पहिल्या पत्रातून कळलं, तेव्हा घाबरून धाकू बोलून गेला होता. पुढे त्या पायांचा फोटो निघेल हे त्याला काय ठाऊक. आता ते भाजले तर क्लबवाले ठेवतील का? म्हणून हा कौल.

उजवं फूल हललं. थोडं घसरलं, पाषाणाच्या खाचेत अडकलं, आणि मग सुटून खाली पडलं.

"दिलान्," विठू म्हणाला. "कौल दिलान् आईनं. बापूस चालंल."

धाकूने डोळे मिटले आणि उघडले. मागे वळून तो लेकाला म्हणाला, "सुटलास बाबा."

काशीराम खाली पडलेल्या फुलाकडे पाहत होता. "व्हय," तो म्हणाला.

होमाच्या दिवशी सकाळीच लाकडं पेटली आणि ऊन चढेपर्यंत निखारे सात पावलं लांब पसरून झाले. ढोल लागला. धाकूने अंघोळ करून धोतर वर खोचलं. त्याच्या टाचांना भेगा होत्या आणि गुडघा धरत होता, पण चेहरा लग्नातल्या वरबापासारखा होता. विठूने त्याच्या कपाळाला अंगारा लावायला बोट उचललं, तेवढ्यात काशीराम गर्दीतून पुढे आला. अंगातला सदरा काढून त्याने आईच्या हातात दिला.

"काश्या, काय करतोस?" सगुणा म्हणाली.

तो निखाऱ्यावर चढला होता.

आता निखाऱ्यावरून कसं चालायचं हे वाडीतल्या लहान पोरालाही माहीत असतं. श्वास धरायचा, पाय सपाट टाकायचा आणि टिकू द्यायचा नाही. सात पावलांना सात क्षण. काशीराम तीन पावलं गेला आणि मधोमध उभा राहिला. देवळाकडे तोंड करून त्याने हात जोडले. ढोल वाजवणाऱ्याचा हात चुकला. कोणीतरी "अरे चल, चल" म्हणालं. तो उभाच होता. धाकू धावला, तसा काशीराम हलला, आणि उरलेली चार पावलं त्याने सावकाश, मोजल्यासारखी टाकली.

"काय ही भक्ती," सदू मास्तर म्हणाले. पलीकडच्या टोकाला काशीराम मातीवर बसला तेव्हा एक चमत्कारिक वास सुटला होता, आणि भक्तीबद्दल आणखी कोणी काही बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी रत्नागिरीहून डॉक्टर खाडी ओलांडून आले. पट्ट्या सोडून त्यांनी पाय पाहिले, पुन्हा बांधले आणि हात धुतले. चालेल, म्हणाले. काठी लागेल. पळण्याचं मास्तरांनी विचारलं, तर डॉक्टरांनी त्यांच्याकडे, मास्तरांनी चंद्रावर जाण्याबद्दल विचारल्यासारखं पाहिलं.

वाडीला राग आला. देवीवर रागावणं परवडत नाही, आणि तिने तर कौल दिला होता. अंथरुणावर पडलेल्या पोरावरही रागावता येईना. शेवटी सगळ्यांचं धाकूवर एकमत झालं.

"नवस कोणी बोलला?" विहिरीवर बायका म्हणत.

"आपल्या पायांचा बोलायचा व्हता. लेकाच्या पायांचा कोण बोलतो?"

"बापूस चालायचं कळल्यावर लेकाला राहवलं नाय. दुसरं काय करील गुणाचं पोर?"

धाकू हे ऐकत असे आणि खाली बघत असे, कारण त्यालाही तसंच वाटत होतं. सगुणा त्याला जेवायला वाढी, पण बोलत नसे.

आठव्या दिवशी दुपारी पट्टीला मऊ फडकं हवं होतं. सगुणा पाण्याला गेली होती. धाकूने माजघरातली ट्रंक उघडली. आल्या दिवशी तिच्यातून बिस्किटांचा एक डबा आणि आईसाठी एक आरसा निघाला होता, आणि पुन्हा कुलूप लागलं होतं. आता किल्ली काशीरामच्या सदऱ्यात खुंटीवर होती.

वर दोन सदरे होते. खाली जाड लोकरी कोट. त्याच्याखाली घोंगडी, उशीचा अभ्रा, जर्मनचं ताट, वाटी, दाढीचं सामान आणि कागदात बांधलेले चामड्याचे बूट, तळव्याला अजून दुकानाची चकाकी असलेले. धाकूने एकेक वस्तू बाहेर काढून जमिनीवर मांडली. मांडून झाल्यावर तो त्यांच्यापुढे बसून राहिला.

बावीस वर्षांत तो अनेकदा रजेवर घरी आला होता. परत जाणारा खलाशी ताट-वाटी आणि घोंगडी तिकडच्या बिऱ्हाडीच ठेवून येतो. सगळे तसंच करतात. आणि थंडीचा कोट रत्नागिरीच्या उकाड्यात कोण आणतो?

फडकं आणि खोबरेलाची वाटी घेऊन तो लेकाच्या उशाशी आला. पट्टी सोडताना त्याने वर पाहिलं नाही.

"कोट बरा हाय. जड."

काशीराम आढ्याकडे बघत होता.

"ताट पण आणलंस."

बाहेर कोणीतरी सुपारी फोडत होतं. धाकूने चुन्याच्या निवळीत कालवलेलं खोबरेल बोटाने तळव्याला लावलं. काशीरामने ओठ आवळले.

"पाऊस लागला की मैदानाचा चिखल व्हतो," काशीराम म्हणाला. "तिकडचा चिखल बर्फासारखा. पाय बधिर व्हतो, चेंडू कळत नाय. बूट घाल म्हणाले. घातले. बुटात मला चालतासुद्धा येईना."

"मग?"

"मग माणसं हसली."

"कधीची गोष्ट?"

"दिवाळीच्या आधीची."

धाकूने मनात महिने लावले. "आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत?"

"बोटीवर. बॉयलरला कोळसा टाकायला." मग तो म्हणाला, "निखाऱ्याचं मला नवीन नाय, बाबा. किती वेळ उभं राहिलं की काय व्हतं, ते माहीत व्हतं."

धाकूने दुसरा पाय मांडीवर घेतला. पट्टी तीनदा गुंडाळली, गाठ मारली, सोडली, आणि पुन्हा मारली. मग माजघरात जाऊन त्याने सगळं होतं तसं ट्रंकेत भरलं, बूट तळाशी, सदरे वर.

संध्याकाळी सदू मास्तर आले. त्यांनी क्लबच्या साहेबाला इंग्रजीत चार पानी पत्र लिहिलं होतं. धर्मकार्यात खेळाडू जखमी झाला असून बरा होईपर्यंत त्याची जागा राखावी, अशी विनंती होती. पत्र वाचून दाखवताना मास्तरांना स्वतःचं इंग्रजी आवडत असल्याचं दिसत होतं. ओटीवर चार माणसं जमली. काशीरामने भिंतीकडे तोंड केलं.

"उद्या मी स्वतः पोस्टात टाकतो," मास्तर म्हणाले.

"नको मास्तर," धाकूने हात पुढे केला. "माज्याकडं द्या. घात मी केलाय. पत्र मीच टाकीन."

ओटीवर कोणी विरोध केला नाही. पहिल्यांदाच त्याने तोंडाने कबूल केलं होतं, आणि लोकांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो खाडी ओलांडून रत्नागिरीला गेला आणि परत आला. सगुणा घरात नव्हती. खलाशी आपले कागद ज्यात ठेवतात ती पत्र्याची नळी आढ्याला टांगलेली होती. ती काढून त्याने पत्र घडी करून आत घातलं, झाकण बसवलं आणि नळी होती तिथे टांगली.

पुढे वर्ष, दोन वर्षं, आगबोटीचं टपाल आलं की धाकू खाडी ओलांडून पोस्टात जाई. वाडीची दोन-चार माणसं तिथे असतच. खिडकीशी उभा राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारी, "स्कॉटलंडवरनं काय आलंय का ओ?"

पोस्टमास्तर मान हलवत. मागची माणसं एकमेकांकडे बघत.

"साहेब लोक," धाकू म्हणे. "लिहितील सवडीनं."

आणि त्या नजरा पाठीवर घेऊन तो होडीकडे चालू लागे.