वल्ह्याचा ठोका

राणीसाहेब यायच्याच. इतर बोटींवरचे पाहुणे दिवसभर उन्हात भाजून निघायचे आणि शेवटी एखाद्या मगरीच्या पाठीवर समाधान मानायचे. या बोटीवर मात्र बिबट्याची मादी दर्शन देणार म्हणजे देणार. धक्क्यावरचे सगळे म्हणायचे, नशीब काढलंय या दोघांनी. नशीब कसलं डोंबलाचं!

बोट चालवायचा मुक्या. तो मुका नव्हता, पण तोंड उघडायचं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून मोठ्या बहिणीनं लहानपणी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. गाइड होता तिचा नवरा, म्हणजे मुक्याचे भावजी. त्यांची जीभ दोघांच्या वाटणीची चालायची. "रानातल्या जनावराला खाऊ घालणं म्हणजे पाप, बरं का," असं ते पाहुण्यांना लाइफ जॅकेट बांधतानाच बजावायचे, आणि पाहुणे माना डोलवायचे.

पाहुणे उतरले की संध्याकाळी हेच दोघं रिकामी बोट घेऊन वळणापाशी जायचे. मुक्यानं वल्हं बोटीच्या कडेवर आपटायचं, ठक् ठक्, आणि भावजींनी काठावर मासे फेकायचे. सुरुवातीला मासे तसेच पडून राहिले. मग दुसऱ्या दिवशी दिसेनासे व्हायला लागले. मग एकदा झुडपातून डोकं बाहेर आलं. हंगाम सुरू होईपर्यंत ठोका ऐकला की बाई हजर! पाहुण्यांसमोर मासा टाकायची गरजच उरली नाही. वळणावर चुकून लागल्यासारखं वल्हं आपटायचं, की झुडूप हललंच. फोटो काढून घ्यायची बिचारी आणि संध्याकाळच्या भरवशावर परत जायची.

अशात नदीकाठच्या लॉजचं कपडे धुण्याचं मशीन बिघडलं आणि मालकानं चादरींचे ढीग मुक्याच्या बहिणीकडे, ताईकडे धुवायला दिले. वळणाच्या खालच्या अंगाला, पलीकडच्या काठावर एक सपाट दगड होता. तिथं बसून ती लाकडी धोपाटण्यानं चादरी बडवायची.

एक दिवस जेवताना ती सहज म्हणाली, "मुक्या, तुमच्या राणीसाहेब आज समोरच्या काठावर येऊन बसल्या होत्या. मी चादरी धोपटत होते तोवर नुसत्या टक लावून बघत होत्या. मी थांबले, तशा उठून गेल्या."

मुक्यानं उचललेला घास परत ताटात ठेवला. भावजींनी ताटातून मान वर काढली नाही.

"मध्ये नदी आहे ना," शेवटी ते म्हणाले. "ती काय पोहत येऊन तुझ्या चादरी पळवणार आहे?"

"मी घाबरले असं म्हटलं का? उलट सोबत झाली," म्हणून ताई हसली.

हात धुताना मुक्यानं भावजींना गाठलं. "ताईला सांगून टाकू. धोपाटण्याचा आवाज राणीसाहेबांना आपल्या वल्ह्यासारखाच वाटतोय."

"सांग की! आज ताईला सांग, उद्या ती शेजारणीला सांगेल, परवा आपलं लायसन्स जाईल. मशीन लवकर दुरुस्त करा म्हणून मी मालकाच्या मागे लागतो."

"पण भावजी..."

"लागतो म्हटलं ना!"

मुक्या आत आला. ताई ताटं उचलत होती. "काय रे, काही हवंय?" तिनं विचारलं. तिथं जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. कारण विचारलं असतं तर एखादी थाप मारता आली असती. "काही नाही," तो म्हणाला. मेल्याला तेवढंही जमलं नाही!

मालकाशी बोलायचं भावजींच्या डोक्यातून गेलं ते गेलंच. त्यात लागोपाठ दोन दिवस पाहुणे अंधार पडल्यावर उतरले, आणि मासे टाकायचे राहून गेले.

तिसऱ्या सकाळी बोट वळणावर आली. मुक्यानं वल्हं आपटलं. झुडूप हललं नाही. त्यानं पुन्हा आपटलं. भावजी पाहुण्यांना विनोद सांगत वेळ काढत होते. एवढ्यात हातभर लांब लेन्सवाली एक पाहुणी ओरडली, "ती बघा! तिकडे खाली, पलीकडच्या काठावर! तोंडात काय आहे तिच्या? काहीतरी पांढरं ओढतेय!"

सगळे कॅमेरे एकदम वाजायला लागले. मुक्याला लेन्सची गरज नव्हती. त्यानं वल्हं उचललं आणि जीव खाऊन कडेवर हाणलं. ठक् ठक्. ठक् ठक्.

"अरे गप, गप!" भावजी सवयीनं दटावून गेले. मग त्यांनी तिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

राणीसाहेबांनी मान वर केली, चादर सोडली, आणि शहाण्यासारखं पाण्यात उतरून बोटीकडे पोहायला लागल्या. "तुम्ही बोलावलंत तिला?" पाहुणीनं कॅमेरा खाली घेत विचारलं. भावजींनी दुसऱ्या बाजूनं नदीत उडी टाकली होती. बोट दगडाकडे वळवली असती तर मादीही मागोमाग आली असती. तिला इथंच धरून ठेवायचं तर वल्हं वाजत राहायला हवं होतं. मुक्या ते आपटत होता आणि "ताई! ए ताई!" म्हणून ओरडत होता. एवढ्या मोठ्यानं तो जन्मात ओरडला नव्हता.

मादी अलीकडच्या काठाशी उथळ पाण्यात उभी राहिली आणि मासा कधी येतो म्हणून त्याच्या हाताकडे बघायला लागली.

तिकडे भावजी धडपडत दगडापाशी पोहोचले. त्यांनी चादरीचं टोक उचलून पाहिलं आणि ते परत नीट पांघरलं. मग ते तिथंच बसले. मुक्याला सगळं दिसलं. तरी तो वल्हं आपटतच राहिला.