पाटावरची पहिली चूक

"अहो, चपला तरी काढा. लोक कधीचे बसलेत तिथं," वैजनाथची बायको शैला म्हणाली.

ऑफिसला निघायच्या चपला पायात घालूनच तो सकाळपासून स्वयंपाकघर ते माजघर असा दहादा फिरला होता. काल आप्पासाहेबांचं तेरावं झालं. आज गुरुवार, आणि वडिलांच्या पाटावर आता या एकुलत्या एक मुलाने बसायचं, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पाणीपुरवठा खात्यातल्या या कारकुनाला विचारतं कोण!

आप्पासाहेब निजामाच्या अमदानीत कोर्टात कारकून होते. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत माणसांनी नको ते केलं. शेजाऱ्याचं दार फोडलेला एक जण त्यांच्यापुढे येऊन ढसाढसा रडला. त्यांनी उपदेश केला नाही, नुसतं ऐकून घेतलं. पुढच्या गुरुवारी तिघे आले. पंचवीस वर्षांत छावणी मोहल्ल्यातल्या या घराच्या अंगणात पंथ उभा राहिला. देव नाही, आरती नाही. आपली चूक मोठ्याने सांगायची आणि पाटावरच्याने एवढंच म्हणायचं, "ऐकलं." मात्र पाटावरच्याने सगळ्यांआधी स्वतःची चूक सांगायची, त्याला "ऐकलं" म्हणायचं ते सगळ्यांनी मिळून.

परक्यांची पापं ऐकतच वैजनाथ मोठा झाला होता. खेळायच्या वयात त्याला ठाऊक होतं, कोणी भावाला फसवलं आणि कोणी सुनेला उपाशी ठेवलं. त्याला या सगळ्याचा वीट आला होता.

पंथातले सगळ्यांत जुने काकासाहेब दारात आले. "चला वैजनाथराव. बिडकीनचे बी लोक आलेत."

"काकासाहेब, तुम्हीच बसा ना."

"मी? आप्पांचं रक्त हाय का माझ्यात? उगं उशीर करू नका."

वैजनाथ पाटावर टेकला. ऑफिसात दोनदा उशिरा गेलो, असलं काही किरकोळ सांगून मोकळं व्हायचं त्याने ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"गेले त्या सकाळी आप्पांनी मला हाक मारली. म्हणाले, 'वैजू, पोलीस ॲक्शनच्या वेळची माझी एक चूक राहिलीय. पंचवीस वर्षं पाटावर बसून मी ती सांगितली नाही. तेवढी ऐक.' मी म्हणालो, 'आप्पा, झोपा आता, मला ड्युटीला उशीर होतोय.' त्यांनी माझी बाही धरली. मी ती सोडवून घेतली. दुपारी ऑफिसात निरोप आला."

अंगणातून कुणीही "ऐकलं" म्हणालं नाही. वैजनाथ वाट पाहत राहिला. काकासाहेबांनी मान खाली घातली. मागचे दोघे उठले आणि फाटकाबाहेर पडले. उठावं आणि सरळ ऑफिस गाठावं, असं वाटून वैजनाथ उठायलाही लागला.

तेवढ्यात बिडकीनची म्हातारी दगडाबाई पुढे सरकली.

"बस खाली. माझ्याच्यानं तो शब्द निघायचा नाय. आप्पांचं न ऐकता त्यांना तसंच जाऊ दिलंस, हे मला लई लागलं. पण मी पहाटच्या एष्टीनं आलेय. माझं कुठं सांगू?"

वैजनाथ पुन्हा पाटावर बसला आणि तिने सांगायला सुरुवात केली. जावेचं लेकरू तापाने फणफणत होतं आणि घरात भांडण होतं म्हणून तिने डॉक्टरकडे कुणाला धाडलं नव्हतं. ती मध्येच अडली, रडली, पुन्हा मागचंच सांगू लागली. ऑफिसची वेळ टळून गेली. वैजनाथने मांडी बदलली नाही की नजर हलवली नाही.

ती थांबल्यावर तो म्हणाला, "ऐकलं."

दगडाबाईने पदराने तोंड पुसलं. मग बाजूला सरकून तिने मागच्या माणसाला जागा करून दिली.