गाठ आत घेतलेली वही

...दोऱ्याची गाठ लागतच नव्हती. वहीच्या मधल्या घडीवरून तिनं तीनदा अंगठा फिरवला, आणि तिन्ही वेळा बोटाला नुसता कागदच लागला.

"आत दडवलीय गाठ," भाऊ म्हणाला. "आपल्याकडे असं करतं का कुणी?"

पुस्तकबांधणीच्या त्यांच्या कारखान्यात कामाला येणाऱ्यानं आधी एक कोरी वही शिवून दाखवायची, ही वडिलांपासूनची रीत. जागा एक आणि वह्या दोन. एक होती दहा वर्षं सलग बांधणी केलेल्या माणसाची. दुसरी ही, आईच्या आजारपणात आठ वर्षं काम सोडून बसलेल्या बाईची.

"आठ वर्षं घरी होती, ताई. म्हणजे हाताची सवय गेली. सरळ गोष्ट आहे."

"बरोबर आहे," ती म्हणून गेली. मग त्या 'बरोबर'नं दुपारभर तिची पाठ सोडली नाही. पाच वाजता दोघांना कळवायचं होतं.

आठ वर्षं घरी, हे खरं. म्हणून सवय गेली... पण या दोन वाक्यांच्या मधे आणखी एक वाक्य होतं, भावानं न उच्चारलेलं, आणि तिनं न ऐकताच मान डोलावलेलं — की घरात असलेला हात रिकामा असतो. रिकामा! आपली आई सहा वर्षं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिला भरवत कोण होतं, कूस बदलून देत कोण होतं? धाकटी बहीण. उशीचे अभ्रे शिवताना ती गाठ आत घ्यायची, नखानं चेपायची. "हिला टोचतं गं ताई, कातडी बघ कशी झालीय..." आणि मी काय म्हणाले होते? चपला घालत म्हणाले होते, आज माल द्यायचाय, निघते. एक दिवसाचा खाडा नाही, असं मी चारचौघांत सांगत आले, ते कुणाच्या जिवावर?

पण थांब. गाठ धाकटीसारखी, म्हणून बाई कामाची — हेसुद्धा मधलं वाक्य गिळूनच की! चोराच्या मनात चांदणं. धाकटीवर करायची राहिलेली माया या परक्या बाईच्या पदरात घालायची, आणि त्या माणसाच्या दहा वर्षांचं काय? तिनं दोन्ही वह्या पुन्हा उघडल्या. दोरा दोन्हीकडे सारखा ताणलेला, पानं दोन्हीकडे सपाट उघडणारी. दोन्ही चांगल्या होत्या, हीच तर पंचाईत.

पावणेपाचला भाऊ दारातून डोकावला. "त्यालाच कळवू ना?"

"आई आजारी होती तेव्हा धाकटी काय करत होती रे?"

"धाकटी? काही नाही, घरीच तर होती..." म्हणता म्हणता तो थांबला. लहानपणी पडला की रडण्याआधी तो असाच तिच्याकडे बघायचा. तिला त्याची फार माया आली. त्यानं वाक्य गाळलं होतं, तसं तिनंही गाळलंच होतं, आणि इतकी वर्षं.

तो आत आला, टेबलावरची त्या बाईची वही उचलली आणि घडीवरून अंगठा फिरवू लागला... हळूहळू, गाठ शोधत.

पाच वाजत आले. कुणाला कळवायचं ते ठरलं नव्हतं. तिच्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत होता, आणि तो तिनं आजवर एकदाही विचारला नव्हता — तुझे हात दुखायचे का गं, छोटे?