बोटबाबाचा डावा पाय

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी माणसं शिरतच होती. खाली हार्डवेअरचं दुकान, वर हा हॉल. एरवी इथे सोसायट्यांच्या सभा होतात आणि भांडणं होतात. त्या रविवारी सकाळी मात्र टेबलावर लाल मखमल पसरली होती, टेबलाखाली जाड गालिचा होता आणि टेबलामागच्या खुर्चीत साक्षात बोटबाबा बसले होते. हे नाव लोकांनीच ठेवलेलं, कारण बाबा फक्त हात आणि बोटं बरी करत. कुणी पाठदुखी घेऊन आलं तर सरळ सांगत, "तो आपला विभाग नाही." या एका वाक्यावर लोक फिदा होते. सगळंच बरं करतो म्हणणारा लबाड असतो, आणि हे तर किती प्रामाणिक!

जमलेले सगळे हातावर पोट असणारे. रंगारी, प्लंबर, बेकरीत पीठ मळणारा एक पैलवान, कोपऱ्यावरची म्हातारी शिंपीण. पहिल्या रांगेत माझा दादा, त्याच्या शेजारी वहिनी, आणि वहिनीच्या शेजारी तोंड वाकडं करून मी.

दादा सुतार आहे. दोन महिन्यांपूर्वी कपाटाला बसवायची काच त्याच्या हातून निसटली आणि उजव्या कोपराखाली खोल लागली. जखम भरली, पण आतली नस तुटली होती. खांदा हलायचा, कोपर हलायचं, बोटं मात्र काही केल्या मिटत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नस जोडायला येत्या गुरुवारची तारीख दिली होती. आणखी काही महिने घालवले तर हाताचे स्नायू सुकतील आणि मग कुणालाच काही करता येणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

"बोला!" बाबा गरजले. "वीज कुठून येते?"

"भिंतीतून," पैलवान म्हणाला. बिचारा खरं बोलला.

"भिंतीतून? अरे, नाडीतून! नाडीत वीज, विजेत नाडी, ज्याची नाडी त्याची गाडी!"

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण टाळ्या पडल्या. बाबांपुढे टेबलावर एक ड्रिल मशीन होतं; त्याची वायर टेबलाच्या पायावरून गालिच्याखाली जात होती आणि गालिच्याखालून निघून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत पोचत होती. ते पाहून कुणाच्या मनात काही आलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही आलं नाही.

बाबांनी दादाला पुढे बोलावलं. ड्रिल मशीन टेबलावरच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवलेलं होतं. दादाचा डावा हात त्यांनी मशीनच्या बाजूच्या दांडीवर ठेवला आणि उजव्या हाताची निर्जीव बोटं एकेक करून घोड्याभोवती गुंडाळली. घोडा म्हणजे मशीनचा ट्रिगर. आमच्या धंद्यात सगळे घोडाच म्हणतात. मग बाबांनी दादाचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि पुटपुटायला सुरुवात केली.

"जाग, बोटा, जाग! जाग, बोटा, जाग!"

घर्रर्र! मशीन सुरू झालं.

सगळा हॉल उभा राहिला. वहिनी तर ढसाढसा रडायला लागली. आणि दादाचा चेहरा! दोन महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं, तो आता लहान पोरासारखा हसत होता. "हललं! ठिणगे, बोट हललं!" तो माझ्याकडे बघून ओरडला. ठिणगी हे माझं घरातलं नाव, स्वभावावरून पडलेलं.

मलाही क्षणभर भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण माझे कान मात्र रडत नव्हते.

मी ड्रिल, ग्राइंडर, करवती असली हातातली मशिनं दुरुस्त करते. दुकान माझं स्वतःचं आहे. अशा ड्रिलचा घोडा हळू दाबला तर मशीन आधी गुरगुरतं आणि मग चढत जातं. दोन महिने मेल्यागत पडलेलं बोट पहिल्यांदा हललं, तर ते बेताबेतानेच दाबणार. हे मशीन मात्र एकदम धाडकन पूर्ण वेगात उडालं होतं. आणि तो धाडकन आवाज माझ्या अगदी ओळखीचा होता, कारण पंधरा दिवसांपूर्वी तो मीच काढला होता.

त्याचं असं झालं. दादाला ऑपरेशननंतरही कितीतरी दिवस पकड येणार नव्हती. तोवर त्याला डाव्या हाताने मशीन चालवता यावं म्हणून मी बाहेरून बसवायचा एक स्विच तयार करायला घेतला होता. पहिल्या खेपेला मी स्वतःला फार हुशार समजले. घोडा पूर्ण दाबला, लॉकचं बटण दाबून तो तिथेच अडकवला आणि वायरच्या मध्ये पायाने दाबायचा स्विच जोडला. पाय ठेवला की मशीन सुरू, पाय उचलला की बंद. पाच मिनिटांचं काम! पाय ठेवला मात्र, ते असं उसळलं की टेबलावर गिरकी घेऊन माझ्या एप्रनमध्ये घुसलं. दचकून मी पाय आणखीच दाबला. एप्रनचा खिसा गेला, मी वाचले, आणि कानाला खडा लावला: हात सुटला की जे थांबत नाही, ते मशीन कुणाच्या हातात द्यायचं नाही.

दुसऱ्या खेपेला मी सायकलच्या ब्रेकची मूठ बाजूच्या दांडीवर बसवली आणि तिची वायर घोड्यापर्यंत नेली. डाव्या हाताने मूठ दाबली की घोडा ओढला जातो, सोडली की सुटतो. फक्त मूठ धरून ठेवणारी पट्टी घसरायची आणि वायर मध्येच अडकायची. माझं घोडं तिथे अडलं होतं.

बोटबाबांना मात्र पहिल्याच खेपेचं डिझाइन भलतंच आवडलेलं दिसत होतं.

घरी पोचल्या पोचल्या दादाने दवाखान्यात फोन लावला आणि गुरुवारचं ऑपरेशन रद्द करा म्हणून सांगितलं. बाबांनी एकवीस बैठका सांगितल्या होत्या. वर ताकीदही दिली होती, सुरी लागली की नाडीतली वीज उडून जाते.

"दादा, बोट हललं नाहीये," मी म्हटलं. "घोडा लॉक केलेला होता. बाबांच्या पायाखाली स्विच आहे."

"तू पाहिलास?"

"ऐकला."

"ऐकला म्हणे!" वहिनी उसळली. "अगं, इतक्या दिवसांनी माणूस दोन घास नीट जेवला. तुला तेही बघवत नाही का? तुझ्या त्या ब्रेकच्या खेळण्याने काही होईना आणि बाबांनी दोन मिनिटांत केलं, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या!"

वहिनीचं बोलणं झोंबलं, कारण त्यात थोडंसं खरं होतं.

"मला आत जाणवलं गं," दादा हळूच म्हणाला. "झिणझिण्या आल्या."

"मशीनची थरथर खांद्यापर्यंत येते रे. तुला मी सांगायला हवं का?"

त्यावर तो उठून आत गेला. वाद घालून उपयोग नव्हता. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता आणि बाबांच्या शब्दावर ठेवून चालणार नव्हतं. मी त्याला न विचारता दवाखान्यात पुन्हा फोन केला आणि म्हटलं, जागा बुधवारपर्यंत कुणाला देऊ नका. ते हो म्हणाले. पुढची बैठक मंगळवारी होती, म्हणजे घोडामैदान जवळच होतं.

मंगळवारी गर्दी दुप्पट. गालिचा खस्सकन ओढून बाबांचं पितळ उघडं पाडावं असं फार वाटत होतं. पण तसं केलं असतं तर लोकांनी मलाच बाहेर काढलं असतं आणि दारात उभ्या बाबांच्या चेल्यांनी वायर लपवली असती. शिवाय खात्री लोकांची नाही, दादाची पटायला हवी होती, आणि ती त्याच्याच हाताने.

सुतारकामाच्या प्रत्येक कारखान्यात एक नियम असतो. कुणीही, कुठूनही "सोड!" म्हणून ओरडलं की ज्याच्या हातात चालू मशीन असेल त्याने घोडा सोडायचा. का, कशासाठी, ते मागून विचारायचं. एखाद्याची बाही अडकलेली असते, एखाद्याचं बोट मध्ये असतं. हा नियम दादाने वीस वर्षं पाळला होता आणि हाताखालच्या माणसांना ओरडून ओरडून शिकवला होता.

बाबांनी दादाची बोटं घोड्याभोवती गुंडाळली. डोळे मिटले. "जाग, बोटा, जाग!" धाडकन मशीन सुटलं. लोक उभे राहिले. मी खुर्चीवर चढले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले,

"दादा, सोड!"

दादाने विचार केलाच नाही. त्याने खांद्यातून उजवा हात झटक्यात मागे घेतला. पकड नसलेली बोटं घोड्यावरून अलगद निसटली. डाव्या हाताने त्याने मशीन ठोकळ्यावर दाबून धरलं होतं. उजवा हात छातीशी होता, घोड्यावर कुणाचंच बोट नव्हतं, आणि मशीन मजेत घरघरत होतं.

बाबांचे डोळे मिटलेलेच. हातात मनगट उरलं नाही याचंही त्यांना भान नव्हतं. "जागलं!" ते गरजले. "बोट जागलं! पाहा, कसं दाबतंय!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पैलवान हसला, आणि त्याच्या हसण्यापुढे मशीनचा आवाजसुद्धा ऐकू येईना. बाबांनी डोळे उघडले, दादाचा रिकामा हात पाहिला आणि दचकून डावा पाय उचलला. मशीन बंद.

दादा घोड्याकडे बघत होता. त्याने वाकून लॉकचं आत दबलेलं बटण पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून ते हसू उतरताना मला दिसलं आणि फार वाईट वाटलं. ते पुसायला मीच आले होते.

"बाबा," दादा शांतपणे म्हणाला, "जरा पाय ठेवता पुन्हा?"

"अपवित्र आवाज झाला! शक्ती भंगली! कोण ती बाई?" बाबा थरथरत उठले.

"माझी बहीण आहे. तुम्ही पाय ठेवा."

बाबा काही पाय ठेवेनात. तेव्हा वहिनी उठली. मला वाटलं माझ्यावर येते. ती तरातरा टेबलाकडे गेली, गालिच्याचं टोक धरलं आणि एका हिसक्यात उलटं केलं. खाली वायर होती आणि वायरच्या मधोमध बशीएवढा काळा स्विच.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला!" वहिनी म्हणाली आणि तिने स्वतःच त्यावर पाय ठेवला. धाडकन! तिने पाय उचलला. बंद. पुन्हा ठेवला. धाडकन! "झाले गं बाई मी बोटताई!" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

चेले दाराबाहेर गेलेच होते. बाबाही निघाले. कुणी त्यांना हात लावला नाही, मी लावू दिला नाही. मी टेबलाशी जाऊन मशीन उलटं करून दाखवलं: हा घोडा, हे लॉक, हा स्विच. ज्याला हवं त्याने येऊन पाय ठेवून बघावं. लोकांनी रांग लावली. एकेक जण पाय ठेवायचा, धाडकन आवाज ऐकायचा आणि खाली मान घालून बाजूला व्हायचा.

शेवटी म्हातारी शिंपीण आली. तिने पाय ठेवला नाही. वाकड्या झालेल्या बोटांचा हात माझ्यापुढे धरून तिने विचारलं, "ते खोटं होतं, कळलं गं बाई. मग माझ्या हाताचं काय?"

मी दादाच्या कानाशी म्हटलं, "गुरुवारची जागा मी जाऊ दिलेली नाही."

"गुरुवारी माझं ऑपरेशन आहे," दादा म्हणाला. तो हे मला सांगत नव्हता, तिला सांगत होता. "मावशी, दवाखाना सकाळी नऊला उघडतो. मी साडेआठला तुमच्या दारात येतो. हात दाखवून तर घेऊ."

"मीही येऊ का?" रंगाऱ्याने विचारलं.

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही नऊ जण होतो. डॉक्टरीणबाई आधी वैतागल्या. मग दादाला आत पाठवायला वेळ होता तेवढ्यात त्यांनी एकेकाचा हात तपासला. एकाला व्यायाम सांगितला, एकाला रक्त तपासायला पाठवलं. शिंपिणीला म्हणाल्या, "वाकडी झालेली बोटं सरळ होणार नाहीत, मावशी. दुखणं मात्र बरंच कमी करता येईल." दादाने विचारलं, "माझी बोटं हलतील ना?" त्या म्हणाल्या, "हलावीत असा प्रयत्न करणार आहे. नस फार सावकाश वाढते. खात्री देत नाही."

हे ऐकून वहिनीचा चेहरा उतरला. मला मात्र त्या दिवसांत पहिल्यांदाच धीर आला.

वाचकहो, आपला हात, आपला डोळा, आपलं माणूस दुखत असलं की मन कशावरही विश्वास ठेवायला तयार होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझा दादाही त्यातून गेला. पण चमत्कार दाखवणाऱ्याला एवढं विचारा: हे कसं चालतं, आम्ही उघडून बघू का? ज्याचं खरं आहे तो म्हणेल, बघा. आणि जो रागावेल, त्याच्या पायाखाली बघा.

आत जाण्याआधी दादाने मला जवळ बोलावलं. "ठिणगे, त्या ब्रेकच्या वायरीला वळण फार आहे, म्हणून ती अडकते. मूठ पुढे घे. मी बाहेर येईपर्यंत होईल का?"

"खात्री देत नाही," मी म्हटलं, आणि दुकानाकडे पळाले.